सतरा नंबरचा फॉर्म आणि खालांचा ओटा

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून २०२३ मध्ये मी मुंबईतल्या गोवंडीच्या शिवाजीनगरात कामाला लागले, तेव्हा पिशवीत योजनांची माहितीपत्रकं होती. तीन महिने ती वाटत फिरले. लोक घेत, घडी घालून ठेवत. परत कोणी आलं नाही. मग वस्तीतल्या एका खालांनी, म्हणजे मावशींनी, कागद वाचून विचारलं, "बेटा, ये आठवी तक का वजीफा तो बंद हो गया ना?" खरं होतं. पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून थांबली होती आणि माझ्या कागदावर ती अजून होती.

त्या दिवसापासून मी खालांच्या ओट्यावर बसायला लागले. दुपारी तिथे बायका कपड्यांना खडे चिकटवतात. मीही चिकटवले. कोणाचा मुलगा कधी शाळेतून सुटला, कोणत्या कारखान्यात बसतो, सगळं तिथेच कळलं. देशातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय १९३६ साली मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाऊस या वस्तीतल्या सेवाकेंद्रात सुरू झालं. ते सुरू करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट आधीपासून त्या वस्तीत काम करत होते. आधी शेजार, मग वर्ग. हे मी शिकले होते, पण मला ते ओट्यावर पटलं.

इथे पालिकेच्या बऱ्याच उर्दू शाळा आठवीपर्यंतच आहेत. पुढे मुलगे जरीच्या अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, बसतात, मुली घरी. त्यांच्यासाठी दहावीचा रस्ता म्हणजे खासगी परीक्षार्थीचा सतरा नंबरचा फॉर्म. नव्याने येणाऱ्यांनी आधी हा फॉर्म नीट शिकून घ्यावा. त्यात सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. शाळेच्या दाखल्यावर 'मो.', आधारवर 'मोहम्मद'. आईचं नाव एकीकडे बानो, दुसरीकडे खातून. जन्मतारीख तर कितीतरी जणांची १ जानेवारी.

माझ्याकडे आलेला पहिला मुलगा सतरा वर्षांचा, जरीकाम करणारा. मी त्याची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिलीच नाहीत. फॉर्म परत आला, दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली. त्याचं एक वर्ष माझ्या हातून वाया गेलं, आणि हे त्याच्या अम्मीला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगले साल पहले देख लेना."

आता मी पहिल्याच दिवशी दाखला आणि आधार एका चादरीवर मांडते. शाळा सोडल्यावर दाखला बदलणं फार अवघड, म्हणून आधार दाखल्याप्रमाणे करून घ्यायचं. पण आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा सायबरवाल्याच्या भरवशावर सोडू नका, स्वतः शेजारी बसा.

अभ्यासवर्ग घ्यायचा तर कारखानदाराला आधी भेटा, मुलाला नंतर. दोन तासांची सुट्टी देणं त्याच्याच हातात असतं, आणि विश्वासाने मागितली तर बहुतेक देतात. मुलींसाठी जागा गल्लीतच हवी. मोठा रस्ता ओलांडावा लागला की त्यांचं येणं बंद होतं. रमजानमध्ये सकाळचा वर्ग ठेवू नका, सहरीनंतर, म्हणजे पहाटेच्या जेवणानंतर, मुलं झोपलेली असतात. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर बसा, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजला सोडा.

मुलांना सगळ्यात भीती मराठीच्या पेपरची. तो जरीकाम करणारा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. अड्ड्यावर दिवसभर वाकून बोटं ताठलेली, तरी वहीच्या समासात मराठी शब्दांचे उच्चार उर्दूत लिहून घ्यायचा. 'फळा' शब्दाशी थांबला. "दीदी, हा 'ळ' उर्दूत नाहीच. कैसे लिखूँ?" मलाही सुचेना. त्याने थोडा विचार केला, लामखाली, म्हणजे उर्दूतल्या 'ल'खाली, एक टिंब दिलं आणि पुढच्या शब्दावर गेला.