आयओएस अॅपमधे स्क्रीन बदलताना या चुका टाळा: घोळ जाताना नाही, परत येताना होतो

महापेला ऑफिस, घर ठाण्यात. सकाळी ट्रान्स हार्बर पकडायची, घणसोलीला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा, आणि मग दिवसभर आयफोनची अॅप. एवढ्या वर्षांत नेव्हिगेशनचे जेवढे बग माझ्या गळ्यात पडले ते बघितले तर जवळपास सगळ्यांची गोष्ट एकच निघते: पुढच्या स्क्रीनवर जायचा कोड आपण मन लावून लिहितो आणि युजर परत कसा येणार हे बघतच नाही. डेमोमधे आपण स्वतः पुढे पुढेच जातो ना, म्हणून कळतही नाही. खाली जे लिहिलंय ते बहुतेक एकाच अॅपमधलं आहे, घोडबंदर रोडच्या एका सोसायटीसाठी केलेलं, मेंटेनन्स भरणे, गेटवरचे पाहुणे वगैरे. चुका माझ्याच आहेत त्यामुळे लाजायचं कारण नाही.

पेमेंट झालं की होम पुश करणे

रविवारी सकाळी सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, मेंटेनन्स भरलं, होमवर आलो, जरा बोट सरकवलं तर परत 'पैसे भरा' आलं. दाबू का?"

"काका, काही दाबू नका. फोन खाली ठेवा."

झालं असं होतं की 'पेमेंट यशस्वी' स्क्रीनवरच्या 'होमवर जा' बटणात मी नवीन होम व्ह्यू कंट्रोलर (एका स्क्रीनचा कोड सांभाळणारा ऑब्जेक्ट) बनवून पुश केला होता. नेव्हिगेशन कंट्रोलरचा स्टॅक म्हणजे आपला कप्प्यांचा डबा समजा, पुश केलं की वर एक कप्पा चढतो, पॉप केलं की वरचा निघतो. होम तर सगळ्यात खाली आधीच होता, मी त्याच्यावर बिल, पेमेंट, यशस्वी आणि परत एक होम असे कप्पे चढवले, आणि वरचा होम सरकवला की खालचे सगळे जसेच्या तसे बसलेले. होमवर जायचं असेल तर पॉप टू रूट करा. मधल्याच एखाद्या स्क्रीनवर जायचं असेल तर पॉप टू व्ह्यू कंट्रोलर, आणि मधल्या दोन-तीन स्क्रीन गाळून स्टॅक नव्यानेच मांडायचा असेल तर सेट व्ह्यू कंट्रोलर्सला पूर्ण अॅरे द्या. स्टोरीबोर्डवाल्यांसाठी (म्हणजे स्क्रीन चित्रासारख्या मांडून सेग्वेने एकमेकींना जोडणाऱ्यांसाठी) मागे नेणारा अनवाइंड सेग्वे आहे, तो लोक विसरूनच गेलेत. लॉगिनचंही तेच, लॉगिनवर होम पुश करू नका, विंडोचा रूट व्ह्यू कंट्रोलरच बदला, नाहीतर लॉगिन झालेला माणूस बॅक करून परत लॉगिनवर. (दोनदा पेमेंट सर्व्हरवरही अडलं पाहिजे हे मान्य, पण तो वेगळा विषय.)

तपासायला सोपं आहे. होमच्या व्ह्यू डिड अपिअरमधे (स्क्रीन दिसली की दर वेळी चालणारं फंक्शन) स्टॅकमधे किती कंट्रोलर आहेत तो आकडा प्रिंट करा आणि तोच फेरा पाच वेळा मारा, आकडा दर वेळी १ आला पाहिजे, वाढत गेला तर समजा कुठेतरी कप्पे चढतायत. सोबत प्रत्येक कंट्रोलरच्या डीइनिटमधे (ऑब्जेक्ट मेमरीतून जाताना चालतं ते) पण एक प्रिंट टाका. पॉप झाल्यावर तो प्रिंट आला नाही तर स्क्रीन गेली पण मेमरीतून नाही गेली, बहुतेक एखाद्या क्लोजरने (नंतर चालवायला दिलेल्या कोडच्या तुकड्याने) सेल्फ, म्हणजे तोच कंट्रोलर, घट्ट धरून ठेवलेला असतो, तिथे वीक सेल्फ लावा, आणि सापडतच नसेल तर एक्सकोडचा मेमरी ग्राफ उघडा.

एकच स्क्रीन दोनदा उघडते

बॅक दाबलं की परत तीच स्क्रीन, अजून एकदा दाबलं की मग मागची. स्टोरीबोर्डमधे हा हमखास होतो, कारण बटणावरून ओढून सेग्वे जोडलेला असतो आणि त्याच बटणाच्या अॅक्शनमधे परफॉर्म सेग्वे पण लिहिलेलं असतं, म्हणजे एका टॅपला दोन पुश. कोडमधून सेग्वे चालवायचा असेल तर तो बटणावरून न काढता कंट्रोलरवरून काढा.

दुसरं कारण म्हणजे घाईत दोनदा टॅप करणारी माणसं. आमची टेस्टर माझ्या डेस्कपाशी येऊन "दादा, बघ हं" म्हणाली आणि बिलाच्या ओळीवर दारावरची बेल वाजवावी तसं तीनदा टकटक केलं, तीन बिलं उघडली. पुश करायच्या आधी टॉप व्ह्यू कंट्रोलर आपण स्वतःच आहोत का एवढं बघा, काम झालं. कन्सोलमधे 'अनबॅलन्स्ड कॉल्स टू बिगिन, एंड अपिअरन्स ट्रान्झिशन्स' दिसलं तर एक ट्रान्झिशन संपायच्या आत दुसरं सुरू झालंय का ते आधी शोधा. आणि नेटवर्कचं उत्तर आल्यावर पुश करत असाल तर मेन थ्रेडवर (स्क्रीनचं काम जिथे चालतं तिथे) या, यूआरएल सेशनचा (नेटवर्कला विचारणाऱ्या कोडचा) कम्प्लिशन बहुतेक वेळा बॅकग्राउंडला येतो, मग स्क्रीन काही सेकंद उशिरा उघडते नाहीतर अॅप सरळ क्रॅश.

व्ह्यू डिड लोडमधे प्रेझेंट

प्रेझेंट म्हणजे स्टॅकमधे न चढवता स्क्रीन वरून दाखवणं, आणि व्ह्यू डिड लोड म्हणजे स्क्रीन तयार झाली की एकदाच चालणारं फंक्शन. यावर फार बोलण्यासारखं नाही. व्ह्यू डिड लोडच्या वेळी व्ह्यू विंडोत आलेलाच नसतो, कन्सोल सांगतो की व्ह्यू विंडो हायरार्कीत नाही, आणि स्क्रीन येतच नाही. व्ह्यू डिड अपिअरमधे करा, फक्त ते परत आल्यावरही चालतं त्यामुळे एक फ्लॅग ठेवा, नाहीतर लॉगिन बंद केलं की लॉगिन, बंद केलं की लॉगिन.

शीट बंद झाली पण लिस्ट जुनीच

२०१९ ला आयओएस १३ आलं तेव्हापासून प्रेझेंट केलेली स्क्रीन आपोआप फुल स्क्रीन येत नाही, शीटसारखी येते, मागची थोडी दिसत राहते. दिसायला छान, पण मागची स्क्रीन खरं तर कुठे गेलेलीच नसते, त्यामुळे शीट बंद झाल्यावर तिचं व्ह्यू विल अपिअर (स्क्रीन दिसायच्या जरा आधी चालणारं फंक्शन) चालत नाही. आमची पाहुण्यांची लिस्ट तिथेच रिफ्रेश व्हायची, तर वॉचमन नवीन पाहुणा टाकायचा, शीट खाली जायची आणि लिस्टमधे पाहुणा नाही, म्हणून तो परत टाकायचा. एका कुरिअरवाल्याची चार वेळा एंट्री झालेली मी डोळ्याने बघितली.

यावर लोक घाईघाईत सगळीकडे फुल स्क्रीन लावून टाकतात. मला ते पटत नाही, माणसांना खाली ओढून बंद करायची सवय लागलीय. शीटमधून डेलिगेट (काय घडलं ते कळवायला नेमलेला ऑब्जेक्ट) किंवा क्लोजरने 'पाहुणा सेव्ह झाला' असं मागच्या स्क्रीनला कळवा. प्रेझेंटेशन कंट्रोलर डिड डिसमिस नावाचा डेलिगेट आहे पण तो फक्त युजरने ओढून बंद केलं तरच येतो, तुम्ही कोडमधून डिसमिस केलं तर येत नाही, आणि या एका गोष्टीवर माझी अख्खी दुपार गेलीय. शीट नेव्हिगेशन कंट्रोलरमधे गुंडाळलेली असेल तर तो डेलिगेट नेव्हिगेशन कंट्रोलरच्या प्रेझेंटेशन कंट्रोलरला लावा, आतल्या स्क्रीनला नाही. अर्धवट भरलेला फॉर्म चुकून ओढला जाऊ नये म्हणून इज मोडल इन प्रेझेंटेशन ट्रू करा, मग युजरने ओढायचा प्रयत्न केला की डिड अटेम्प्ट टू डिसमिस येतं, तिथे 'सेव्ह न करता जायचं का' विचारा.

कडेवरून सरकवून मागे जाणं मोडणे

हा माझा सगळ्यात दुखरा विषय. आयफोनला बॅकचं वेगळं बटण नाही, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण कोणाच्या अंगठ्याला पोचतो? संध्याकाळी साडेसहाच्या ठाणे लोकलमधे उभं राहून बघा, एका हातात हँडल, दुसऱ्यात फोन, सगळी जनता अंगठ्याने डावी कड सरकवूनच मागे जाते. आणि आपण काय करतो, तर डिझायनरने वेगळा बाण दिला म्हणून लेफ्ट बार बटण आयटम लावतो किंवा बॅक बटण लपवतो, त्याबरोबर ती सरकवायची सोयच बंद पडते.

मग कोणीतरी सांगतं की इंटरअॅक्टिव्ह पॉप जेस्चरचा डेलिगेट निल, म्हणजे रिकामा, कर. केलं की चालतं, सगळे खूश. मग कोणीतरी होमवरच कड सरकवतो, काही होत नाही, पुढच्या स्क्रीनवर टॅप करतो आणि अॅप गोठतं, कारण खाली काढायला कप्पाच नसताना पॉप सुरू झालेलं असतं. डेलिगेट स्वतःकडे घ्या आणि जेस्चर रेकग्नायझर शुड बिगिनमधे स्टॅक १ पेक्षा मोठा असेल तरच ट्रू द्या. फक्त बाणाचं चित्र बदलायचं असेल तर त्यातलं काहीच नको, नेव्हिगेशन बारला बॅक इंडिकेटर इमेज आणि तिचा ट्रान्झिशन मास्क दोन्ही द्या. 'बॅक' हा शब्द नको असेल तर आयओएस १४ पासून बॅक बटण डिस्प्ले मोड मिनिमल आहे. बॅक बटणाचं टायटल मागच्या स्क्रीनच्या नेव्हिगेशन आयटमवरून येतं, समोरच्या नाही, हे माहीत नसल्याने लोक चुकीच्या फाइलमधे तासभर घालवतात.

आता अर्धवट सरकवण्याचं. मी रबाळेला दारापाशी उभा, आमच्याच अॅपची क्यूआर स्कॅनची स्क्रीन उघडी, मागे जायला सरकवलं आणि चढणाऱ्यांचा धक्का बसून अंगठा मधेच सुटला. स्क्रीन परत जागेवर आली पण कॅमेरा काळा ठिक्कर. मी कॅमेरा व्ह्यू डिड लोडमधे सुरू केला होता आणि व्ह्यू विल डिसअपिअरमधे बंद. सरकवायला सुरुवात झाली की लगेच विल डिसअपिअर चालतं, बोट सुटून रद्द झालं तर परत विल अपिअर आणि डिड अपिअर, पण डिड लोड काही दुसऱ्यांदा येत नाही. विलमधे बंद करताय तर विलमधेच सुरू करा. आणि जी साफसफाई एकदाच व्हायला हवी, म्हणजे ड्राफ्ट पुसणे वगैरे, ती डिड डिसअपिअरमधे इज मूव्हिंग फ्रॉम पेरेंट बघून करा.

स्वतःचं ट्रान्झिशन लिहिताना

ट्रान्झिशनिंग डेलिगेट (स्क्रीन बदलतानाचं अॅनिमेशन कोण देणार ते सांगणारी) ही प्रॉपर्टी वीक आहे, म्हणजे ती ऑब्जेक्ट धरून ठेवत नाही. फंक्शनच्या आतच ऑब्जेक्ट बनवून दिला तर फंक्शन संपताच तो मरतो आणि स्क्रीन साध्या अॅनिमेशनने येते, एरर काही नाही. तो कुठेतरी स्ट्राँग धरून ठेवा. अॅनिमेशन संपल्यावर कम्प्लीट ट्रान्झिशन बोलवायला विसरलात तर अॅप दिसतं पण टॅपच घेत नाही. बोलवताना डोळे झाकून ट्रू देऊ नका, ट्रान्झिशन रद्द झालं का हे कॉन्टेक्स्टला विचारून त्याच्या उलट द्या. काळी स्क्रीन आली तर बहुतेक नवीन व्ह्यू कंटेनरमधे टाकायचा राहिलाय. डोळ्याला दिसत नसेल तर सिम्युलेटरच्या डीबग मेनूत स्लो अॅनिमेशन्स चालू करा. आणि फोटोवर टॅप केलं की तो मोठा होत उघडावा एवढंच हवं असेल तर आयओएस १८ पासून झूम ट्रान्झिशन तयार मिळतं, हाताने कशाला.

स्विफ्टयूआयवाल्यांसाठी

स्विफ्टयूआय म्हणजे अॅपलची स्क्रीन बनवायची नवी पद्धत. तिथला नेव्हिगेशन व्ह्यू सोडा, २०२२ ला आयओएस १६ सोबत नेव्हिगेशन स्टॅक आला. वर दोन-दोन पट्ट्या दिसतायत म्हणजे आतल्या स्क्रीनमधेही स्टॅक टाकलाय, तो काढा. नेव्हिगेशन डेस्टिनेशन (कुठली स्क्रीन उघडायची ते सांगणारा कोड) लिस्टच्या किंवा लेझी स्टॅकच्या ओळींत लिहू नका, बाहेर लिहा. होमला परत जायचं तर पाथ (उघडलेल्या स्क्रीनची यादी) रिकामा करा.

आणि शीट. वॉचमनने बी ७०४ फ्लॅटच्या पाहुण्यावर टॅप केलं की पहिल्यांदा रिकामी शीट यायची, बंद करून परत केलं की बरोबर. मी इज प्रेझेंटेड वेगळं आणि निवडलेला पाहुणा वेगळा ठेवला होता, शीट उघडताना तिला पाहुण्याची जुनी व्हॅल्यू मिळायची, म्हणजे निल. शीटला आयटम द्या, पाहुणा असेल तर शीट आहे, निल केला की नाही, दोन गोष्टी सांभाळायला नकोत. त्यासाठी पाहुणा आयडेंटिफायेबल (स्वतःचा वेगळा आयडी असलेला) लागतो, तिथे आयडी म्हणून फ्लॅट नंबर टाकू नका, सणाच्या दिवशी एकाच घरात चार जण एकदम येतात आणि लिस्टच्या ओळी एकमेकींत मिसळतात. सर्व्हरचा आयडी द्या.