झडतीच्या केसमध्ये आधी पंचनामा वाचा

सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्याच वर्षात झडतीच्या एका केसमध्ये मी जोरात युक्तिवाद केला होता: झडतीच बेकायदेशीर, सबब जप्त माल पुराव्यातून बाद करावा. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "पूरनमल वाचलाय का?" वाचला नव्हता. १९७३ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की केवळ झडतीत बेकायदेशीरपणा आहे म्हणून संबद्ध पुरावा बाद होत नाही. परदेशी सिनेमे पाहून आलेला प्रत्येक ज्युनिअर इथे एकदा आपटतो.

मग झडतीतल्या त्रुटींचं करायचं काय? त्या पुराव्याच्या विश्वासार्हतेवर लागू होतात, आणि त्या सापडतात पंचनाम्यात. सीनिअरनी मला पंचनामा घड्याळ घेऊन वाचायला लावला. सुरुवात ४.१०, समाप्ती ४.३५. पंचवीस मिनिटांत तीन खोल्या, चाळीस वस्तूंची यादी, शिवाय सगळं लाखबंद! माझी पहिली बरी उलटतपासणी या वेळांवरच उभी राहिली.

पंच कोण, तेही बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०३ नुसार त्याच परिसरातले किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत. परिसरातले मिळत नसतील किंवा तयार नसतील तरच बाहेरचे. तेच नाव दुसऱ्या केसमध्येही दिसलं तर लिहून ठेवा. तिथे राहणाऱ्याला झडतीच्या वेळी हजर राहता येतं, आणि यादीची प्रत त्याला द्यावीच लागते.

वॉरंट कलम ९६ खाली निघतं. विनावॉरंट झडती कलम १८५ खाली होते. तिथे कारणं आधी लेखी नोंदवावी लागतात आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जावी लागते. १ जुलै २०२४ पासून कलम १०५ मुळे चित्रीकरणही आलं, तेही झडतीपासून यादी आणि पंचांच्या सह्यांपर्यंत. चित्रीकरण मागून घ्या आणि पंचनाम्याशेजारी ठेवून बघा.

अशिलाला मात्र या सगळ्यापेक्षा एकच प्रश्न असतो: माझा फोन कधी मिळणार? मुद्देमाल परत मिळण्याचा माझा पहिला अर्ज परत आला, कारण पंचनाम्यात होतं "एक काळा मोबाईल" आणि अर्जात मीही तेवढंच लिहिलेलं. तेव्हापासून आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), खरेदीची पावती, गाडी असेल तर आरसी आणि चेसिस नंबर असल्याशिवाय अर्ज टाईपच करत नाही. सोबत सुंदरभाई अंबालाल देसाई (२००२) जोडतो, कारण जप्त गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. आता कलम ४९७ मध्ये मुदतीही आहेत: माल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं विवरण, आणि विवरण व फोटो झाल्यावर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. या तारखा मी डायरीत लाल शाईनं लिहितो.