आधी ईमेल, मग बाकीचं

एक रिकामी दुपार काढा आणि कागद-पेन घेऊन बसा. ऑनलाइन कुठे कुठे आपली खाती आहेत ते आठवेल तसं लिहून काढा, अगदी एकदाच काहीतरी डाउनलोड करायला उघडलेलंसुद्धा. नको असलेली लगेच बंद करा.

यादीतल्या ईमेलखाली दोन रेघा मारा. बाकी कुठलाही पासवर्ड विसरलो म्हटलं की नवा करायची लिंक तिथेच येते, म्हणून ईमेल हातचा गेला की पाठोपाठ सगळंच जातं. त्याचा पासवर्ड लांबलचक हवा आणि दुसरीकडे कुठेही वापरलेला नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने चालतात. नावापुढे १२३ चालत नाही. बाकीचे पासवर्ड 'पासवर्ड मॅनेजर'वर, म्हणजे ते लक्षात ठेवणाऱ्या ॲपवर, सोपवा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं मात्र सोडा. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ मध्ये अशी सक्ती करू नका असं सांगितलं. सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात, दुसरं काय! पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र त्याच क्षणी बदला.

मग दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणं. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण आपलं सिम कुणी फसवून स्वतःच्या नावावर काढलं तर तो त्याच्याकडे जातो. दर ३० सेकंदांनी आकडा बदलणारं ॲप त्याहून चांगलं. ते सुरू करताना मिळणारे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन नसताना खात्यात शिरायचे कोड, कागदावर छापून ठेवा. त्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवलात तर फोन हरवल्यावर कोडही हरवले.

संस्थेसाठी यादीत एक रकाना जास्त: कोणतं खातं कुणाच्या हातात? आमच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, काम सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना तिकडे जात राहिल्या आणि एका सकाळी वेबसाइट बंद. म्हणून माणूस जाईल त्याच दिवशी त्याचे सगळे प्रवेश बंद करायचे, आणि सामायिक पासवर्ड असलेच तर तेही बदलायचे.

बाहेर फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी बघा. एक्सेलमध्ये लपवलेला कॉलम दोन क्लिकमध्ये परत दिसतो, आणि पीडीएफमध्ये नावावर नुसता काळा चौकोन ओढला असेल तर खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करता येतो. 'लिंक असेल त्या कुणालाही' असं शेअर केलेलं जुनं काही राहिलंय का, तेही तपासा.

आलेली लिंक उघडण्याआधी पत्ता वाचा. https:// मधल्या दुहेरी तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा. खरा मालक तिच्या लगेच अलीकडे असतो, सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असो. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते भामट्यालाही फुकट मिळतं. ज्याला पैसे पाठवायचे त्याचा खातेक्रमांक बदलल्याचा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नव्हे.

अपडेट टाळू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि अधूनमधून एखादी फाइल त्यातून काढून उघडून बघा. उघडली तरच तो बॅकअप धरायचा.