पाणबुडीतून डायव्हर सोडताना आणि परत घेताना : या चुका टाळा

पाणबुडी वर न येता पाण्याखालूनच माणसं बाहेर सोडते आणि परत आत घेते. माझगाव डॉकला बांधलेली, 2023 मध्ये नौदलात आलेली आयएनएस वागीरसुद्धा मरीन कमांडो सोडू शकते. हा विषय निघाला की सगळे बाहेर कसं पडतात तेच विचारतात, आणि परत येणं कोणी विचारतच नाही, खरी काळजी तिथेच घ्यायला लागते.

आधी पद्धत. डायव्हर छोट्या चेंबरमध्ये शिरतात, खालचं झाकण बंद होतं, पाणी भरतात, आतलं प्रेशर बाहेरच्या समुद्राइतकं झालं की बाहेरचं झाकण उघडतं. इथली पहिली चूक म्हणजे घाई. 75 सेंटीमीटर रुंदीचं झाकण आणि 15 मीटर खोली धरा, प्रेशर सारखं केलं नसेल तर त्या झाकणावर साडेसहा टनांच्या आसपास जोर असतो. झाकण हलत नसेल तर ते अडकलंय असं समजून ताकद लावत बसू नका, आधी गेज बघा, बहुतेक वेळा प्रेशर अजून सारखं झालेलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 16 जानेवारी 1982, फिलिपाइन्समध्ये सुबिक बेजवळ अमेरिकेच्या यूएसएस ग्रेबॅकवर सराव चालू होता. डायव्हर काम आटपून चेंबरमध्ये परत आले होते, म्हणजे सुटलोच असं वाटण्याची वेळ, आणि चेंबर रिकामं होताना व्हेंट व्हॉल्व्हच्या (हवा आत यायच्या झडपेच्या) बिघाडामुळे आत व्हॅक्यूम तयार झाला, पाच जण गेले. समुद्रात नाही, पाणबुडीच्या चेंबरमध्ये! पाणी जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, असं झालं की प्रेशर पडतं, श्वासातला ऑक्सिजन कमी पडतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. म्हणून ड्रेन, म्हणजे पाणी काढायची वाट, उघडायच्या आधी व्हेंट खरंच उघडलाय का ते दोघांनी वेगवेगळं तपासायचं, पाणी काढताना आतल्यांशी सतत बोलत राहायचं, आणि उत्तर आलं नाही तर ड्रेन लगेच बंद, कारण नंतर शोधा. स्पीकर बंद पडला तर हातोडीने ठोकून इशारे द्यायचे, ते आधीच ठरलेले हवेत.

आणि प्रेशर उतरत असताना श्वास रोखायचा नाही. तारकर्लीला स्कूबा केलेल्या कोणालाही विचारा, पहिला नियम हाच. 10 मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागाच्या प्रेशरला दुप्पट जागा मागते, फुफ्फुसं फाटतात, आणि चेंबरचं प्रेशर उतरवताना तेच होतं, माणूस जागचा हलला नाही तरी.

टॉर्पेडो ट्यूबमधूनही डायव्हर सोडतात, 533 मिलिमीटरची नळी. इथे एका खुणेवर विसंबू नका. 1 जून 1939 ला लिव्हरपूल बेमध्ये ब्रिटिश पाणबुडी थेटिसवर ट्यूब रिकामी आहे का बघायला टेस्ट कॉक, म्हणजे मागच्या दारावरची बारीक भोकाची तोटी, उघडला, पाणी आलं नाही, म्हणून मागचं दार उघडलं, पण त्या बारीक भोकात रंग बसला होता आणि ट्यूबचं पुढचं तोंड समुद्राला उघडं होतं. 99 माणसं गेली. म्हणून त्या भोकात आधी तार घालून ते मोकळं आहे का बघतात, आणि नंतर ब्रिटिश पाणबुड्यांवर थेटिस क्लिप आली, ज्यामुळे दार आधी जेमतेमच उघडतं.

बाहेर गेल्यावर प्रवाहाचा हिशेब चुकला तर पुढचं सगळं चुकतं. हीच ग्रेबॅक, जून 1972, उत्तर व्हिएतनामचा किनारा : डायव्हरना नेणाऱ्या छोट्या वाहनाची बॅटरी प्रवाहाशी झुंजताना संपली आणि माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. जाताना लागते तेवढीच बॅटरी येताना लागेल असं धरू नका. पाणबुडी शोधायला पिंगर (आवाजाचे इशारे देणारं यंत्र), दोरी, ठरलेली वेळ आणि ती चुकली तर दुसरी वेळ, हे चारही हवं.

बुडबुडे येऊ नयेत म्हणून शुद्ध ऑक्सिजनचा रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास साफ करून परत देणारं यंत्र, वापरतात, पण खोलवर शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो, म्हणून त्याला खोलीची मर्यादा फार कडक. अमेरिकी नेव्हीच्या नियमात 6 मीटरपर्यंत 4 तास, पण 12 ते 15 मीटरला एकदाच आणि फक्त 5 मिनिटं. पाण्याखाली पाणबुडीच्या डेकवर कोणाची तरी वाट बघत थांबलो, एवढ्यानेही झटके येऊ शकतात.

आतल्या लोकांनी करायचं ते थोडकं आहे. चेंबर भरलं की पाणबुडीचं वजन वाढतं, ट्रिम, म्हणजे पाणबुडीचा तोल आणि वजन, आधीच जुळवून ठेवा, नाहीतर ती खाली बसते आणि बाहेरचा माणूस नको त्या खोलीला जातो. सोनार बंद, कारण त्याचा आवाज बाहेरच्या डायव्हरला इजा करू शकतो, त्याच्या स्विचवर 'चालू करू नका' असा टॅग, आणि शेवटचा माणूस आत येऊन मोजदाद होईपर्यंत तो टॅग कोणीही काढायचा नाही.

आत आल्यावर खांदा किंवा गुडघा दुखतोय, हाताला मुंग्या येतायत असं कोणी म्हणालं तर दमलास म्हणून झोपायला पाठवू नका, प्रेशर उतरताना शरीरात बुडबुडे झाल्याची ती लक्षणं असू शकतात. अमेरिकी पाणबुड्यांच्या पाठीवर बसवतात त्या ड्राय डेक शेल्टरचा (डायव्हर सोडायच्या जोडखोलीचा) पुढचा गोल भाग प्रेशर चेंबरच असतो, तो यासाठीच, अशा माणसाला तिथे नेऊन परत प्रेशरखाली घ्यायचं.