कीबोर्डच्या अडकणाऱ्या पट्टीला कोणतं वंगण लावावं?

गणपती जवळ आले की ठाण्या-वाशीकडच्या घरांत कपाटावरचा कीबोर्ड खाली उतरतो आणि नेमकी मधल्या सप्तकातली एखादी पट्टी दाबली की खालीच बसते. खाडीकडची दमट हवा, उघड्यावर बसलेली धूळ, आरतीच्या वेळचा उदबत्तीचा धूर, कधी सांडलेला चहा, या सगळ्यांचा थर आत साचलेला असतो. मग हाताला लागेल ते तेल फटीतून सोडलं जातं. दोन दिवस पट्टी छान चालते, आठवड्याने शेजारच्या दोन पट्ट्याही चिकटतात आणि महिन्याने आवाज येईनासा होतो. किती गुळगुळीत आहे हे पाहून वंगण निवडलं की असं होतं. ते आत कशाकशाला लागणार आहे, हे आधी पाहावं लागतं.

आत काय असतं

पट्ट्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या असतात. प्रत्येक पट्टी मागच्या बाजूला टेकलेली असते, स्प्रिंग तिला वर उचलते आणि पुढच्या टोकाला चौकटीतून वर आलेला एक खुंट पट्टीच्या पोटात शिरून तिला डावी-उजवीकडे हलू देत नाही. या खुंटाला मार्गदर्शक म्हणू. कारखान्यात ग्रीस प्रामुख्याने तिथेच लावलेलं असतं. पट्टीखाली सिलिकॉन रबराचे छोटे घुमट असतात, त्यांच्या पोटात कार्बनच्या टिकल्या आणि त्याखाली सर्किट बोर्डवरचे कार्बनचे ठसे. जोर ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये एका पट्टीखाली असे दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा लागण्यातल्या वेळेवरून स्वर किती जोरात वाजवायचा ते ठरतं. पट्टी वर-खाली आपटून आवाज होऊ नये म्हणून फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड मऊ कापडाच्या, चिंध्या चिकटवलेल्या असतात.

म्हणजे एबीएस, रबर, कार्बन आणि फेल्ट यांतल्या एकालाही इजा न करता मार्गदर्शकावर टिकून राहणारं वंगण आपल्याला हवं.

आधी ठरवा, वंगण लागणार आहे का

पट्टी वर-खाली नीट जाते पण वाजत नाही, किंवा एकच स्वर कसाही दाबला तरी कर्कश मोठा येतो, तर दोष बहुधा रबर-कार्बनच्या संपर्कात आहे. तिथे वंगणाचं काहीच काम नाही, सफाई करायची. पट्टी चिकटत चिकटत वर येत असेल तर गोड पेय किंवा धूळ धरलेलं जुनं ग्रीस. एकदम खालीच राहिली तर स्प्रिंग निसटलेली किंवा आत टाचणी, नाणं, तांदळाचा दाणा अडकलेला. वर येताना टक-टक वाजली तर फेल्ट झिजलेलं किंवा मार्गदर्शकावरचं ग्रीस सुकलेलं. घासल्यासारखी कुरकुरत असेल तर मार्गदर्शक किंवा स्प्रिंगचं टेकणं कोरडं पडलंय, आणि वंगणाचं खरं काम तिथे आहे. अडकणाऱ्या पट्ट्यांपैकी पुष्कळशा नुसत्या सफाईने सुटतात.

जुन्या काही यंत्रांत चिकट गोष्ट म्हणजे ग्रीस नसतंच. १९९१च्या रोलँड जेडी-८०० या सिंथेसायझरमध्ये पट्ट्यांच्या आत वजनं चिकटवायला वापरलेला लाल गोंद काळाने वितळून खाली ओघळतो. तिथे गोंद पूर्ण काढल्याशिवाय वरून काहीही लावणं व्यर्थ.

काय लावू नये

गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे, म्हणजे नेहमीचा डब्ल्यूडी-४०, सगळ्यात जास्त नुकसान करतो. त्याचा मोठा भाग उडून जाणारा पेट्रोलियम द्रावक असतो. मागे राहतो तो तेलाचा पातळ थर, ज्यावर धूळ बसून लुकण तयार होतं. शिवाय फवारा एका पट्टीवर थांबत नाही. रबर, कार्बन, फेल्ट सगळं एका दाबात भिजतं.

शिवणयंत्राचं तेल पातळ असल्यामुळे पसरत पसरत रबरापर्यंत जातं. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. मे महिन्यात घरी ठीक वाटणारी पट्टी एसी सभागृहाच्या गारठ्यात जड होते, आणि पुढे तेल खवट होऊन चिकटतं. पेट्रोलियम जेली उन्हात उभ्या बंद टेम्पोत वितळून खाली ओघळते. बेअरिंगचं एपी-३ ग्रीस खनिज तेलाचं आणि फार घट्ट, पट्टी सुस्त करतं. काळं ग्रॅफाइटचं ग्रीस तर सर्किटजवळ आणूच नका, ग्रॅफाइटमधून वीज वाहते. ‘कोरडं’ म्हणून विकला जाणारा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, स्प्रेही टाळा. पावडर निरुपद्रवी असली तरी ती वाहून नेणारा द्रावक प्लास्टिकला लागतोच.

एबीएसची एक खोड लक्षात ठेवायला हवी. सुटा तुकडा तेलात बुडवून ठेवला तर त्याला काहीच झालेलं दिसणार नाही. तोच तुकडा वाकवून, ताणाखाली ठेवून तेल लावलं तर बारीक पांढऱ्या रेषा उमटतात आणि पुढे तो तडकतो. पट्टीचा मागचा आकडा आणि स्प्रिंग अडकवायची जागा कायम ताणाखाली असतात, म्हणून नेमक्या त्याच जागा तुटतात. एस्टर प्रकारची तेलं या बाबतीत विशेष वाईट. माहितीपत्रकात बेस ऑइल, म्हणजे ग्रीसमधलं मूळ तेल, एस्टर लिहिलं असेल तर ती ट्यूब परत ठेवा.

काय घ्यावं

पीएओ या कृत्रिम तेलाचं, पीटीएफई मिसळलेलं, एनएलजीआय क्रमांक १ किंवा २ चं ग्रीस हा बहुतेक कीबोर्डसाठी योग्य पर्याय. हा क्रमांक घट्टपणा सांगतो: ० अगदी मऊ, २ बोटावर ठेवलं तर जागेवर राहतं. सुपर ल्यूबचं पीटीएफई असलेलं कृत्रिम ग्रीस किंवा प्लास्टिक भागांसाठी बनवलेलं मॉलीकोट ईएम-३०एल या वर्गात बसतात. क्रायटॉक्स जीपीएल २०५ हे पीएफपीई या फ्लोरिनयुक्त कृत्रिम तेलाच्या वर्गातलं. प्लास्टिक, रबर दोन्हींना निरुपद्रवी, पण इतकं महाग की एका पट्टीसाठी घ्यायची गरज नाही.

सिलिकॉन ग्रीसबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘प्लास्टिकला सुरक्षित’ हे खरं, मार्गदर्शकावर ते चालतंही. पण कीबोर्डमधलं रबर स्वतः सिलिकॉनचं, आणि सिलिकॉन रबर सिलिकॉन तेल शोषून फुगतं. त्यात हे तेल सरकत जाणारं आणि वीज अडवणारं, म्हणजे कार्बनवर पोचलं की स्वर मुका. घट्ट ग्रीस अगदी बेताने लावता येत असेल तरच वापरा. सिलिकॉन स्प्रे कधीच नको.

वागळे इस्टेट किंवा तुर्भे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात वंगण विकणाऱ्यांकडे चौकशी करता येते, नाहीतर मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आहेच. लेबल नसलेल्या डबीत भरून दिलेलं ‘पांढरं ग्रीस’ मात्र घेऊ नका. पांढऱ्या रंगावरून आतलं तेल कळत नाही.

चाचणी

मोडकी पट्टी असेल तर तिच्या शेपटाचे दोन पातळ तुकडे घ्या. दोन्ही सारखे वाकवून कपड्यांच्या चिमट्यात धरा, एकाला ग्रीस लावा, दुसरा कोरडा ठेवा. ४८ तासांनी उजेडाकडे धरून पाहा. ग्रीस लावलेल्या तुकड्यावर वाकाच्या बाहेरच्या बाजूला पांढरट धुकं किंवा केसासारख्या रेषा दिसल्या, किंवा नख लावल्यावर तो मऊ वाटला, तर ते ग्रीस बाद. मोडकी पट्टी नसेल तर काढलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ठिपका ठेवून तेवढेच तास थांबा. ताण नसल्यामुळे ही चाचणी कच्ची आहे, पण अजिबात न करण्यापेक्षा बरी.

उघडणं आणि सफाई

अडॅप्टर आणि सेल काढा. टेबलावर जाड टॉवेल अंथरून कीबोर्ड पालथा ठेवा. दोन्ही टोकांना घड्या घातलेल्या चादरी द्या म्हणजे पट्ट्यांवर आणि बटणांवर भार येत नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे कागदावर आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी टोचून ठेवा. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या कव्हरमधून फुटून बाहेर येतो. रिबन केबल ओढण्याआधी फोटो काढा.

६१ पट्ट्यांच्या कीबोर्डमध्ये ३६ पांढऱ्या, २५ काळ्या. स्वस्त मॉडेलमध्ये त्या सुट्या नसतात. एका सप्तकाच्या पट्ट्या दोन-तीन एकसंध फण्यांत येतात आणि मागे प्लास्टिकचीच पातळ पट्टी वाकून बिजागरीचं काम करते. या वाकणाऱ्या भागाला कधीही वंगण लावायचं नाही. तिथे घर्षण नाही, फक्त ताण आहे, आणि तडा तिथूनच जातो.

काढलेल्या पट्ट्या कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात अख्खा दिवस जाऊ द्या. मार्गदर्शकावरचं जुनं ग्रीस ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने शेवटपर्यंत पुसा, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन ओघळू शकतात. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाहीत, ते एबीएस विरघळवतात. सॅनिटायझरही नको, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. कार्बनच्या ठशांवर धागे न सुटणारं कापड हलक्या हाताने एकदा फिरवा, घासू नका.

लावणं

मात्रा मोहरीच्या दाण्याएवढी, मार्गदर्शक जिथे पट्टीला घासतो त्या दोन्ही बाजूंना. टूथपिकने ठेवा आणि जुन्या चित्रकलेच्या ब्रशने इतकं पसरवा की चकाकी दिसावी, ढीग दिसू नये. स्प्रिंग जिथे टेकते तिथे त्याच्या निम्मं. मागे वाकणाऱ्या भागाऐवजी पट्टी टेकायची खरी खाच असेल तर तिथेही थोडं. फेल्टला काहीच नाही. ग्रीस प्यायलेलं फेल्ट आधी चिकटतं आणि मग कडक होतं. ६१ पट्ट्यांना मिळून एक-दोन ग्रॅम पुरतं, तेव्हा पाच ग्रॅमची सिरिंज पुष्कळ झाली. रबराच्या घुमटांची पट्टी पुन्हा बसवण्याआधी हात साबणाने धुवा, नाहीतर बोटावरचं ग्रीसच कार्बनवर जातं.

हातोडीच्या वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोत घर्षणाच्या जागा जास्त असतात: हातोडीचा आस, पट्टी हातोडीला ढकलते तो बिंदू. तिथे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलंच ग्रीस वापरावं. काही ठिकाणी मुद्दाम दाट, हालचाल मंदावणारं ग्रीस असतं; त्याच्या जागी निसरडं भरलं की पट्टी उसळू लागते.

कव्हर लावण्याआधी प्रत्येक पट्टी तीन प्रकारे तपासा. अगदी हळू दाबून सोडा, बोटाने किंचित डावी-उजवीकडे रेटून दाबा, आणि एकच स्वर भराभर वाजवा. तिसऱ्या प्रकारात पट्टी मागे राहिली तर ग्रीस जास्त झालंय. ती काढून कोरड्या कापडाने निम्मं पुसा आणि परत बसवा. हळू दाबल्यावरच अडली तर ग्रीस वाढवू नका. स्प्रिंग खाचेत सरळ बसली आहे का आणि रबर बोर्डवर सपाट आहे का, ते पाहा.