भाजल्यावर दुखत नसेल, तर जास्त सावध व्हा

फोडणीचं तेल उडालं, कुकरची वाफ हातावर आली, की आधी नळाखाली हात धरा. साध्या पाण्याची बारीक धार, पूर्ण 20 मिनिटं. तेवढ्यात बांगड्या, अंगठी काढून घ्या; सूज आली की त्या निघत नाहीत. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काहीही लावू नका. बर्फाने त्वचेला आणखी इजा होते; बाकीच्यांनी जखम झाकली जाते आणि ती किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.

मग उजेडात नीट बघा. त्वचा लाल, कोरडी, चुरचुरणारी असेल आणि बोटाने दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल होत असेल, तर भाजणं वरवरचं आहे. घरी बरं होतं. पाण्याने भरलेला फोड आला म्हणजे खालचा थरही भाजलाय. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैलसर ठेवा. फोडांचा भाग रुग्णाच्या स्वतःच्या तळहाताएवढा किंवा मोठा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

माणसं फसतात ती इथे: त्वचा पांढुरकी, चामड्यासारखी किंवा काळपट झालीय आणि तिथे दुखत नाही. दुखणं जाणवून देणाऱ्या आतल्या नसा जळाल्यामुळे दुखत नसतं. थेट रुग्णालय गाठा.

चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं, विजेचा झटका, अ‍ॅसिड, धूर छातीत जाणं, लहान मूल किंवा म्हातारं माणूस, यात आकार मोजत बसू नका, थेट रुग्णालयात जा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही रुग्णालयातच विचारा.