भूत नक्की कोणाला दिसतंय ते आधी बघा

शेक्सपिअरच्या नाटकातली भुतं चित्रकलेच्या पोर्टफोलिओला भारी दिसतात, म्हणून मीपण तिसऱ्या वर्षाला ‘मॅकबेथ’ नाटकातल्या मेजवानीतलं बॅन्कोचं भूत घेतलेलं, म्हणजे राजा मॅकबेथनं मारवलेल्या दोस्ताचं. सांगलीत खोलीवर आठ रात्री चारकोल घासला, धूर मस्त जमला, रक्ताळलेलं डोकं जमलं, आणि टेबलाभोवतीचे सगळे सरदार डोळे फाडून भुताकडे बघतायत असं काढलं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘नाटक वाचलंयस का रे?’

नव्हतं वाचलं. नेटवरची चित्रं बघून काढलेलं सगळं.

तर हे नीट डोक्यात घ्या. ते भूत एकट्या मॅकबेथला दिसतं, बाकीच्यांना दिसते रिकामी जागा आणि तिच्यावर ओरडणारा राजा, म्हणजे सरदारांच्या नजरा राजावर पाहिजेत आणि त्याची बायको लेडी मॅकबेथ सावरासावर करताना. माझ्या चित्रात दहा माणसांच्या माना चुकीकडं वळलेल्या, आता माना काय खोडरबरनं फिरवणार? हॅम्लेटमध्ये तर अजून घोळ, पहिल्या अंकात हॅम्लेटच्या बापाचं चिलखतातलं भूत पहारेकऱ्यांना, हॅम्लेटचा दोस्त होरेशिओला, सगळ्यांना दिसतं, तिसऱ्या अंकात आईच्या खोलीत तेच भूत हॅम्लेटला दिसतं पण आईला नाही. फ्युझेली या चित्रकाराचं १७८९ चं चित्र पहिल्या अंकातलं, त्यात सोबतचे हॅम्लेटला धरून मागं ओढतायत. ती पोझ उचलून आईच्या खोलीत टाकलीत तर मेलात. ज्यूलियस सीझरमध्ये ब्रूटसच्या तंबूत सीझरचं भूत आलं की दिवा मंद होतो, तिथं ज्योत भगभगीत काढू नका.

रेफरन्स बोर्डवर, म्हणजे नेटवरनं गोळा केलेल्या नमुना चित्रांवर जगणारे आणि कोर्स विकणारे मेंटॉर यांचं मला काही सांगू नका, एकानंही ‘आधी अंक वाच’ म्हटलं नव्हतं. इंग्रजी जड जातं? मलापण जातं, काही बिघडत नाही. कराडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनी १८८३ ला ‘विकारविलसित’ नावानं हॅम्लेट मराठीत आणलंय, भाषा जुनी आहे पण भुताचे प्रवेश एका बसणीत होतात. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाची हॅम्लेटवरची शिळाछापं (दगडावरनं छापलेली चित्रं) पण बघा, ती पॅरिसला १८४३ ला निघाली.

आणि एक चित्र फसलं म्हणून घाबरू नका, माझं अख्खं फसलं तरी पास झालो. दुसऱ्यांदा मेसमधल्या पोरांना टेबलाला बसवून, एक खुर्ची रिकामी ठेवून फोटो काढले. एकजण सारखा कसनुसा हसत होता, त्यालाच लेडी मॅकबेथ केला.